बिस्किटांचा गोठा

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर शेंगा वाळत घालत होतो. "बेकरीतल्या कामाच्या आठवणी लिहून द्या," म्हणाले. एकोणतीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस मी, आजवर कुणी साधी चौकशी केली नव्हती. छाती दोन इंच फुगली. मग ते म्हणाले, "खास करून तुमच्या मिसेसनी केलेल्या त्या बिस्किटांच्या गोठ्याबद्दल लिहा. त्यांनाच शोधत होतो, तर तुमचा नंबर मिळाला."

छाती जागेवर आली. फोन सुमनच्या हातात दिला आणि शेंगा उलटसुलट करत बसलो. ती माझ्या शेजारी उभी राहूनच बोलत होती. "मला कुठलं लिवाय येतंय? ह्यास्नीच लिहू द्या की. फकस्त सगळं लिवा म्हणावं."

'सगळं' हा शब्द तिनं माझ्याकडं बघत उच्चारला. तेव्हा आता सगळं लिहिणं भाग आहे.

आधी धंदा सांगतो. आमची बेकरी शाहूपुरीत होती आणि भट्टी लाकडाची. बाहेरच्या माणसाला वाटतं भट्टीखाली जाळ असतो. तसं नाही. जाळ भट्टीच्या पोटातच लावायचा, विटा तापल्या की निखारे ओढून बाहेर काढायचे, ओल्या पोत्यानं फरशी पुसायची आणि मग माल आत सारायचा. पहिल्या तापात पाव. ताप उतरला की बिस्किटं, नानकटाई. अगदी शेवटी, भट्टी निवत आली की टोस्ट. थर्मामीटर वगैरे काही नसे. फरशीवर चिमूटभर मैदा टाकायचा आणि मनात आकडे मोजायचे. पंधरा म्हणेपर्यंत मैदा बदामी झाला तर नानकटाई घालायची, त्याआधीच काळा पडला तर गप बसून राहायचं. लांब दांड्याच्या फळीनं तापलेले पत्रे आत-बाहेर करून करून माझं उजवं मनगट चाळिशीतच कुरकुरायला लागलं होतं.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमची परीक्षा. कोल्हापुरात नानकटाई विकत आणत नाहीत, करून आणतात. बायका घरचं तूप, पिठीसाखर, मैदा, रवा डब्यांतून घेऊन यायच्या. आम्ही मळून, वळून, भाजून द्यायचं. प्रत्येकीच्या पत्र्यात तिच्या नावाची चिठ्ठी. तरी विश्वास कुणाचा कुणावर नाही. एक देसाईकाकू स्टूल घेऊन बसायच्या आणि आपल्या तुपावरची नजर हलवायच्या नाहीत. आपली नानकटाई ओळखू यावी म्हणून त्यांनी प्रत्येकीवर एकेक लवंग टोचली. ते बघून मागचीनं लवंग टोचली, तिचं बघून तिच्या मागचीनं. दुपारपर्यंत भट्टीत तीस पत्रे आणि सगळे लवंगांचे. त्या दिवशी जी भांडणं झाली ती ऐकून समोरच्या सायकलवाल्यानं दुकान बंद केलं.

एक बाई तर रडायलाच लागल्या होत्या. शेजारणीच्या नानकटाईला सुरेख भेगा पडल्या आणि त्यांच्या नानकटाईला पडल्या नाहीत. मी त्यांना हसलो होतो. नानकटाईच्या भेगांवरून कुणी जळतं का? पुढं देवानं माझं ते हसू व्याजासकट परत दिलं.

दिवाळीत हात कमी पडायचे म्हणून माझी बायको सुमन मदतीला येत असे. नानकटाई वळायची, वर चाकूनं फुली मारायची. ती गारगोटीकडची, शेतकऱ्याघरची, सातवी शिकलेली. दिवाळी आटोपली की परत घरी. आमचं बिऱ्हाड उचगावला, बेकरीपासून लांब, त्यामुळं एरवी ती बेकरीत पाऊल टाकत नसे.

शहाण्णव की सत्त्याण्णव साल असेल. डिसेंबर लागला होता. काउंटरवर एक बाई आल्या. पांढरी साडी, पाठीचा कणा ताठ, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं नाव विमलबाई, पण सगळे नुसतं बाईच म्हणायचे. त्यांच्या मंडळीचा नाताळचा फराळ चर्चच्या हॉलमध्ये असे. लांबलचक टेबल, त्यावर करंज्या, चकल्या, शंकरपाळी, केक, सगळं घरोघरून आलेलं. बाईंच्या हातात परदेशातल्या कुणा मैत्रिणीनं पाठवलेलं भेटकार्ड होतं. त्यावर बिस्किटांचं घर, छपरावर साखरेचा बर्फ.

"टेबलाच्या मधोमध असं काहीतरी ठेवायचं मनात आहे," बाई म्हणाल्या. "आणि शेजारी छोटी गव्हाण. प्रभूचा जन्म गोठ्यात झाला ना, तो गोठा. जमेल?"

"करतो की! त्यात काय हाय?" मी म्हणालो. भट्टीवाल्याला 'जमेल का' विचारू नये, तो हो म्हणतो.

त्यात बरंच काही होतं हे पहिल्या दिवशी कळलं. नानकटाईच्या पिठात तूप फार, भिंत आडवी भाजली की पसरायची आणि उभी केली की भुगा व्हायची. मग तूप कमी केलं, गुळाचं घट्ट पाणी घालून पीठ कडक मळलं, पातळ लाटून काट्यानं टोचे मारले, उतरत्या भट्टीत सावकाश वाळवलं. सांधे जोडायला साखरेचा पाक. पाक कच्चा राहिला तर छप्पर घसरतं, जास्त झाला तर बोटं भाजतात. माझं दोन्ही झालं. पण चौथं घर उभं राहिलं. खिडक्या, धुराडं, अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर फेटून केलेला बर्फ. बेकरीचे मालकसुद्धा दोनदा येऊन बघून गेले.

जनावरं मात्र मला येईनात. माझी गाय उशीसारखी दिसत होती. शेवटी गोठ्याचं पीठ डब्यात घालून घरी नेलं आणि सुमनला म्हणालो, "चार-दोन जनावरं करून दे. एक बाळ, त्याची आई, बाप, आणि तीन शहाणी माणसं भेटायला आलीत म्हणं, ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोन पत्रे भरून कच्चा माल बेकरीत आणून दिला. मी बघितलं आणि कपाळावर हात मारला.

आमच्या भागात दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. शेणाचाच एक वाडा मांडायचा. बुटक्या भिंती, त्यात गुरं, गुराखी, जातं, उखळ, ताक घुसळणारी बाई, सगळं बोटाएवढं. लहानपणापासून सुमनचा हात त्यातच तयार झालेला. तिनं येशूचा गोठा तसाच मांडला होता. मेंढ्या नव्हत्या, म्हैस होती. चांगली वळलेल्या शिंगांची, शेजारी खुंटीला रेडकू. कोपऱ्यात जातं. आई डोक्यावर पदर घेऊन बसलेली, बाळ गव्हाणीत कडब्यावर. बापाच्या डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं. तीन शहाणी माणसं मांडी घालून बसलेली आणि त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या.

"अगं, तांब्या कशाला?" मी ओरडलो.

"आता लांबनं चालत आल्यात म्हणता न्हवं? मग पावण्यास्नी पाणी नको द्यायला?"

"आणि म्हस? त्यांच्यात म्हस असती व्हय?"

"गोठा म्हटल्यावर म्हस नको? दूध कशाचं पाजणार बाळंतिणीला?"

बदलायला वेळ नव्हता. भाजलं. आणि खरं सांगायचं कबूल केलंय म्हणून सांगतो, भाजताना मनात कुठंतरी बरंही वाटलं. बाई हसतील, म्हैस बाजूला सारतील आणि माझं घर त्या शेजारी आणखी उठून दिसेल.

नाताळच्या सकाळी दोन फळ्यांवर दोन्ही वस्तू मांडून टेम्पोतून हॉलवर नेल्या. सुमनही आली होती, इरकली नेसून. बाईंनी घर बघितलं. "छान. अगदी चित्रासारखं." मग त्या गोठ्याकडं वळल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. एका बोटानं म्हशीच्या शिंगाला हात लावला. आधी तांब्याला हसल्या आणि हसता हसता डोळ्यांतनं पाणी आलं.

"माझी आजी घालायची अशा गवळणी," त्या म्हणाल्या. "मी अगदी लहान होते. मग आमच्या घरी ते सगळं बंद झालं. किती वर्षांनी बघते आहे मी हे. कुणी केलं?"

"मी," सुमन म्हणाली. एवढुसा आवाज.

बाईंनी तिला मिठीच मारली. मग स्वतःच्या हातानं माझं घर उचललं, टेबलाच्या टोकाला पाण्याच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवलं आणि मधोमध गोठा मांडला. बारा दिवस राबून मी केलेलं घर, धुराड्यासकट, पिंपाशेजारी.

फराळ सुरू झाला. माझं घर पोरांनी दहा मिनिटांत खाऊन टाकलं. गोठ्याला कुणी बोट लावेना. बिस्किट हे खायची वस्तू आहे, जे संपतं ते जिंकतं, असं मी स्वतःला बजावत होतो. पण लोक गोठ्याभोवती उभे होते आणि सुमनला नाव विचारत होते. मला एकानं विचारलं, "टेम्पो तुमचा का?"

त्यानंतर काउंटरवर माणसं यायला लागली. "गोठावाल्या वहिनी कुठं असतात?" बारशासाठी कुणाला बिस्किटांचा पाळणा हवा, गृहप्रवेशासाठी कुणाला तुळशीवृंदावन. पुढच्या नोव्हेंबरात मालकांनी दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'नाताळसाठी गोठा ऑर्डरप्रमाणे मिळेल. सौ. सुमन.' मी रोज सकाळी त्या फळ्याखालून आत जात होतो. माझं नाव त्या फळ्यावर कधी लागलं नव्हतं. पाव कुणी भाजला हे कोण लिहितं? दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी एक शिवी देऊन मोकळा झालो असतो. घरच्या माणसाचा हेवा वाटला तर तो कुणाला सांगायचा? संध्याकाळी जाऊन तिनंच वाढलेलं जेवायचं असतं.

डिसेंबरात बाई आल्या तेव्हा सुमन भावाच्या मुलाच्या बारशाला माहेरी गेली होती.

"शिवरामभाऊ, सुमनला सांगा, यंदाही गोठा हवा. म्हैस हवीच."

मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आपसूक निघालं. "बाई, तिचं मनगाट धरलंय. डॉक्टरनी पीठ मळाय बंदी केलीया."

"अरेरे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्याचाही राग आला. "मग तिला मुळीच त्रास नको. तुम्ही घर करा."

मालकांना 'तिला घरच्या कामातनं आता जमत नाही' एवढंच सांगितलं आणि फळा माझ्या हातानं पुसला. सुमन माहेराहून आल्यावर तिनं विचारलं, "बाईंचा निरोप आलता का?"

"औंदा त्यास्नी नुसतं घर पायजे हाय," मी म्हणालो.

"म्हस नको म्हणाल्या?"

"काय बोलल्या न्हाईत."

एका खोट्याची तीन झाली. दोघींची गाठ पडायचं कारण नव्हतं. बाई डिसेंबरात काउंटरवर यायच्या, सुमन दिवाळीपुरती आत भट्टीकडं यायची आणि मधे मी होतो.

त्या वर्षी माझं घर टेबलाच्या मधोमध बसलं. मला हवं ते मिळालं. बाईंनी घराकडं बघून "छान" म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "सुमनचा हात कसा आहे?" मग पिशवीतून एक औषधाची जुनी बाटली काढली. तिळाच्या तेलात निरगुडीचा पाला उकळून त्यांनी स्वतः केलेलं तेल. मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, 'सुमनच्या हातासाठी. रोज कोमट करून चोळणे.' मुख्याध्यापिकेचं वळणदार अक्षर.

बाटली घरी नेण्याची सोय नव्हती. टाकून द्यायला हात होईना. बेकरीच्या माळ्यावर इसेन्सच्या रिकाम्या डब्यांमागं ठेवली. पुढच्या नाताळला दुसरी आली, मग तिसरी. मी दर वर्षी घर सुधारत गेलो. एका वर्षी दोन मजली केलं, एका वर्षी खिडक्यांना साखरेच्या पाकाच्या काचा बसवल्या. बाई दर वर्षी "छान" म्हणायच्या आणि हाताची चौकशी करायच्या. सुमन तिथं नव्हती, तरी त्या टेबलाच्या मधोमध तीच असायची. असल्या माणसाशी कोण कसा जिंकणार?

आणि घरी सुमन पहिली दोन-तीन वर्षं नाताळ जवळ आला की एकदा तरी विचारायची, "बाईंचा निरोप?" मी मान हलवायचो. चौथ्या वर्षी तिनं विचारलं नाही. त्या दिवाळीत तिनं दारात गवळणीही घातल्या नाहीत. म्हणाली, "शेण कुठं मिळतंय आता?" समोरच्या परड्यात चार म्हशी बांधलेल्या होत्या.

दोन हजार सालानंतर मालकांनी विजेची भट्टी घ्यायचं ठरवलं. जुनी पाडायची म्हणून त्या दिवाळीत आवराआवर निघाली. मी पत्रे घासत होतो. सुमन शिडीवरून माळ्यावर चढली होती. बराच वेळ वरून आवाज आला नाही. मला आठवण झाली तेव्हा उशीर झाला होता. ती खाली उतरली, पदरात सहा बाटल्या. चिठ्ठ्या वाचलेल्या होत्या. मालक तिथंच उभे होते. तिनं बाटल्या पिशवीत घातल्या आणि उरलेल्या नानकटाया वळल्या. सगळ्या सारख्या, एकही वाकडी नाही.

घरी आल्यावर तिनं एक बाटली फोडली, वाटीत तेल कोमट केलं आणि माझं उजवं मनगट ओढून घेतलं. चोळायला लागली, चांगलं जोरात.

"सा वर्सं कुणाचा हात दुखत हुता?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. फळा, टेम्पो, पिंप, सगळं. ती चोळत राहिली.

"तुझं नाव लागलं फळ्यावर," मी म्हणालो. "माझं कवाच लागलं न्हाई."

"मग सांगायचं की तसं. मी दोघांचं लिवाय लावलं असतं." आणि मग तिचा हात थांबला. "मला सा वर्सं वाटालतं, माझी म्हस चुकली. बाईस्नी राग आला आसल, त्यांच्या देवाच्या गोठ्यात म्हस घातली म्हणून. सा वर्सं मी मनातनं ती म्हस मोडालोय."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं दिल्या नाहीत. दिवाळी संपेपर्यंत जेवायला वाढलं, बोलली मात्र नाही. डिसेंबरात एके दिवशी म्हणाली, "पीठ मळा. घट्ट मळा." मी मळलं. तिनं म्हैस केली, रेडकू केलं, तांब्या केला. मी विजेच्या भट्टीत भाजलं. बटण दाबून भाजलेला माझा तो पहिला मोठा माल, एकही तडा गेला नाही. त्या वर्षी घर करायचं मी मनातही आणलं नाही.

नाताळच्या सकाळी फळी घेऊन मी पुढं आणि सुमन मागं, असे हॉलमध्ये शिरलो. बाई खूप थकल्या होत्या. टेबलाशेजारी खुर्चीत बसलेल्या, नजर जवळजवळ गेलेली. मी गोठा मधोमध ठेवला. त्यांनी हात पुढं करून चाचपला. बोटं शिंगांवर आली आणि थांबली.

"शिंगं वळलेली आहेत," त्या म्हणाल्या. "सुमन? आलीस गं? हात बरा झाला?"

 सहा वर्षांपूर्वीचं खोटं त्या टेबलावर होतं आणि सुमननं एक शब्द उच्चारला असता तर मला त्या हॉलमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"झाला की, बाई," ती म्हणाली. "सा बाटल्या लागल्या, पर झाला. हे रोज चोळून देत हुते."

बाईंनी हवेत हात फिरवून माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरून थोपटला. "शिवरामभाऊ," त्या म्हणाल्या, "असा नवरा मिळायला नशीब लागतं." आजूबाजूची मंडळीही माना डोलवायला लागली.

त्या टेबलाशी माझं झालेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक.